मोठं इंजिन आणि आईची शाळा

मी आठवीत असताना आमच्या जुन्या गाडीला मोठं इंजिन बसवलं. निर्णय बाबांचा होता, पण कारण आई होती.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची. आम्ही पांढरकवड्याला राहत होतो आणि त्या जूनमध्ये तिची बदली मुकुटबनच्या पुढे, आतल्या एका गावी झाली. मुकुटबनला बाबा एका सरकारी कार्यालयात कारकून होते, तिथवर बस होती. पुढच्या गावाची बस मात्र साडेअकराशिवाय निघायची नाही, आणि शाळेची प्रार्थना साडेदहाला. स्कूटरला आईच्या कमरेच्या डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून बाबांनी आजोबांच्या वेळची, फिकट निळ्या रंगाची, गोल दिव्यांची पेट्रोल गाडी बाहेर काढली. ती चार महिने दोघांना नेत-आणत राहिली आणि दसऱ्याच्या आसपास तिच्या इंजिनाने कायमची मान टाकली.

मग आई रोज उशिरा पोचू लागली. तिचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं की शाळेच्या मागे शिक्षकांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की बाईंनी एकतर प्रार्थनेला हजर असावं, नाहीतर त्या खोलीत राहायला यावं. म्हणजे शनिवारी घरी, सोमवारी परत.

घरात हे सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मीही. मी तेव्हा फार कमी बोलायचे. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की शिक्षा, आणि गल्लीत तोंड उघडलं की पोरी म्हणायच्या, "आली फाडफाडवाली." दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. बोलायचं ते सकाळी आई माझ्या वेण्या घालायची तेव्हा, तिच्याकडे पाठ करून. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी दिवसभराचं बोलून घ्यायचे. आई गेली तर वेण्या मला स्वतःला घालता आल्या असत्या. तो प्रश्न नव्हता.

बाबांचा मिस्त्री हायवेला गॅरेज चालवायचा. साठीच्या घरातला, लुंगी आणि वर खाकी शर्ट. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते दुरुस्त करायचा. आमच्या गाडीचं तसंच इंजिन कुठेही मिळेना. त्याच्याकडे अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन पडलेलं होतं.

"हे मोठं हाये साहेब," तो म्हणाला, "पण हेच हाये."

"बसंल का?"

"बसवू. बसवणं कठीण नाही. त्याले पाजणं कठीण."

त्या मोठ्या गाडीच्या कप्प्यात इंग्रजी पुस्तिका सापडली होती. मिस्त्रीने ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. आकडे त्याला कळायचे, मजकूर नाही. बाबांनाही धड नाही. म्हणून सुट्टीतल्या दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "चल माय, तुह्या इंग्रजीचा आज उपयोग आहे."

मी गॅरेजमध्ये एका आडव्या टायरवर बसले आणि पुस्तिका उघडली. समोर मिस्त्री आणि बाबा, मागे हायवे.

"जोरात वाच ना बेटा, इथं ट्रक चालून राह्यले."

मी वाचलं, मग मराठी शोधू लागले. 'दाब' हा शब्द मी विज्ञानाच्या मराठी पुस्तकात एकदा पाहिला होता. बराच विचार करून म्हणाले, "पंपाचा दाब..."

"प्रेशर म्हण ना बाप्पा!" मिस्त्री म्हणाला. "मी तं घाबरलो, काय निघालं म्हणून."

त्या दिवशी मला पंपाबद्दल जे समजलं ते असं. जुन्या इंजिनाच्या कुशीलाच एक छोटा पंप होता. इंजिन फिरलं की पंपाचा दांडा हलायचा आणि टाकीतलं पेट्रोल पुढे ओढलं जायचं. तो पंप नव्या इंजिनाला पुरणार नव्हता. नव्या इंजिनाचा स्वतःचा पंप होता, पण आमच्या गाडीत तो बसवला की स्टिअरिंगच्या दांड्याला लागत होता. म्हणून विजेवर चालणारा पंप लावायचा. आणि पंप निवडताना दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: एका मिनिटात पेट्रोल किती येतं, आणि ते किती जोराने येतं. मोठ्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं; जोर जास्त लागतोच असं नाही.

हे पुस्तिकेत लिहिलं होतं आणि मी ते वाचूनही दाखवलं होतं. पण मिस्त्रीकडे एका नव्या धर्तीच्या गाडीतला पंप तयार होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"हा पंप पाहा. रेल्वेच्या इंजिनलेही पाजीन."

"मिस्त्री, पोरीनं आता काय वाचलं?" बाबा म्हणाले.

"वाचलं ते वाचलं. लावून तं पाहू."

लावला. बटण दाबताच त्या पंपाने असं पेट्रोल ढकललं की कार्बोरेटरच्या तोंडातून ते बाहेर वाहू लागलं. आत पेट्रोल अडवणाऱ्या सुईला तो जोर आवरेना. मिस्त्रीने बॅटरीची वायर खेचून काढली आणि वाळूची बादली पुढे घेतली. आम्ही सगळे चार पावलं मागे सरकलो. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय लिहिलं व्हतं म्हणते त्याच्यात?"

मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. या वेळी जरा मोठ्याने.

कमी जोराचा पंप नागपूरहून एका ओळखीच्या ट्रकवाल्याने आणून दिला. यात चार दिवस गेले. मिस्त्रीने तो पुढे इंजिनापाशी लावला नाही, मागे टाकीजवळ, खालच्या बाजूला लावला. विजेचा पंप दुरून ओढण्यापेक्षा जवळून ढकलण्यात चांगला असतो, आणि इंजिनाच्या उष्णतेपासूनही लांब राहतो. जुनी बारीक नळी काढून जरा रुंद नळी टाकली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल हिंदकळून सांडायचं, म्हणून झाकणाला नवं जाड रबर बसवलं. मग पंपाची परीक्षा. नळीचं दुसरं टोक एका मापाच्या बाटलीत सोडलं, मी बाबांच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट मोजलं. इंजिनाला हवं त्याहून बरंच जास्त पेट्रोल बाटलीत जमा झालं.

"पास," मिस्त्री म्हणाला. "फर्स्ट क्लास."

पहिल्या फेरीला बाबा, मिस्त्री आणि मी मुकुटबनच्या रस्त्याला निघालो. गाडी इतकी हलकी धावत होती की बाबा स्वतःशीच हसत होते. चौदा-पंधरा किलोमीटर गेलो असू. गाडीने एक झटका दिला, मग दोन, आणि ती थांबली.

बाबा उतरले. पेट्रोलचा काटा वर्षानुवर्षं बंद होता, म्हणून त्यांच्याकडे कडुनिंबाची एक सरळ काडी असायची. झाकण उघडून त्यांनी काडी बुडवली. पेट्रोल होतं. झाकण लावलं. मिस्त्रीने पुढचं बॉनेट उघडून सगळं बघितलं, काहीच सापडलं नाही. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी सुरू.

"गरम झालं असंल," तो म्हणाला. "पेट्रोलची वाफ धरली नळीत."

उन्हाळ्यात आमच्याकडे पेट्रोल गाडीचे लोक पंपावर ओलं फडकं टाकतात, मी स्वतः पाहिलं आहे. ते दिवस थंडीचे होते, तरी मिस्त्रीने नळीला ओलं फडकं गुंडाळलं. दुसऱ्या फेरीला गाडी त्याच सुमाराला बंद पडली. मग त्याने फिल्टर बदलला. तिसऱ्या फेरीलाही तेच. मग टाकी खाली उतरवून धुतली आणि पंप पुन्हा बाटलीवर तपासला. पंप पुन्हा फर्स्ट क्लास.

"काहून बंद पडते, मले समजून नाही राह्यलं साहेब," मिस्त्री म्हणाला. तो हे सहज म्हणणाऱ्यातला नव्हता.

इकडे घरी आई पेटी भरू लागली. त्या वर्षी आमच्या घरमालकांची पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. आदल्या हंगामाचा होता, भाव येईल म्हणून ठेवलेला, आणि आता नवा वेचून यायला लागला होता. शेजारी-पाजारीही तेच. दार उघडलं की कापसाचे तंतू उडत यायचे आणि आईच्या घडी केलेल्या साड्यांवर बसायचे. ती ते एकेक वेचून काढायची. डबे, स्टोव्ह, एक चादर, दोन उशा. मी शेजारी बसून बघायचे. एकदा ती म्हणाली, "इतकं तोंड पाडून बसू नको. काही लंकेले नाही चालली मी." मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं?" ती म्हणाली, "तेच तं."

आता मी जे मनात ठेवलं होतं ते सांगते. दुसऱ्या फेरीला बाबांनी टाकीचं झाकण फिरवलं तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. झाकण सैल होताच आत एक लांब 'सूऽऽ' असा आवाज झाला. तिसऱ्या फेरीलाही झाला. गॅरेजमध्ये झाकण उघडताना मात्र कधी होत नसे. मला वाटलं, असेल काहीतरी; गाड्यांमधलं मला काय कळतं. मिस्त्री चाळीस वर्षं हेच काम करतोय, त्याला माहीत असेलच. खरं म्हणजे मी चुकले तर तो हसेल, याची भीती होती. म्हणून पेटी भरली जात असताना मी आठवडाभर गप्प बसले. आजही हे आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, बाबा म्हणाले, "थांबत-थांबत का होईना, जाऊ. पेटी तरी पोचवून देऊ." मिस्त्री त्या दिवशी लग्नाला गेला होता. आई पुढे बसली, मी मागे, माझ्या पायाशी पेटी.

गाडी तिच्या ठरलेल्या जागेच्या जरा पुढे गेली, मग झटके सुरू झाले. दोन्हीकडे कापसाची शेतं होती आणि वेचणाऱ्या बाया मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. गाडी बंद पडता पडता मागून, माझ्या बसायच्या जागेच्या खालून, 'ठप्प' असा मोठा आवाज आला. रिकामा डबा चेपावा तसा.

बाबा खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले. काडीही काढली नाही त्यांनी. आई आतूनच म्हणाली, "राहू द्या आता. खोली तं आहे, मी राहीन. तुम्ही जिवाले लावून घेऊ नका."

बाबा सवयीने मागे गेले आणि झाकण फिरवलं. सूऽऽ. या वेळी तो आवाज इतका मोठा होता की आईनेही मान वळवली. त्या पाठोपाठ टाकीचा पत्रा 'ठक्' करून पुन्हा बाहेर आला.

मी म्हटलं, "बाबा, ती हवा आत ओढतेय."

"कोण?"

"टाकी. दर वेळी ओढते. गॅरेजमध्ये नाही, फक्त रस्त्यावर." आणि मग एकदम सगळंच बाहेर आलं. शाळेत बाईंनी डब्यात पाणी उकळून झाकण घट्ट लावून डबा गार केला होता, तो चेपला होता. पेट्रोल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा आत जात नाहीये. बाटलीवर पंप तपासताना तुम्ही झाकण काढून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे पास होतो. इथे तुम्ही काडी बुडवायला झाकण उघडता, हवा जाते, म्हणून पाच मिनिटांनी सुरू होते. काडीमुळेच सुरू होते ती.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, हे आधी काहून नाही सांगितलं. पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. टाकीत हवा जाण्यासाठी एक बारीक नळी असते. आमच्या गाडीत ती डिक्कीत एका कोपऱ्यात येऊन संपायची. बाबांनी डिक्की उघडली, कोपऱ्यात हात घातला आणि करंगळीने काहीतरी उकरलं. मूठ बंद करून हात बाहेर काढला.

आई उतरून मागे आली. "काय निघालं?"

"काही नाही."

"दाखवा तं."

बाबांनी मूठ उघडली. काळा, तेलकट, दाबून गोळी झालेला कापूस.

"कापूस?" आई म्हणाली. "नळीत कापूस कसा आला?"

"मीच कोंबला होता."

"कायले?"

बाबा शेताकडे बघत म्हणाले, "जून महिन्यात. पेट्रोलचा वास आत येत होता. तुले मळमळत होतं, तू सांगत नव्हती, पण खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायची. घरमालकाच्या खोलीतून मूठभर घेतला न् लावला."

आईने त्या गोळीकडे पाहिलं. मग हसायला लागली. कमरेवर हात ठेवून, वाकून हसायला लागली. तिला मध्येच थांबता येईना.

"म्हणजे माह्यासाठी कापूस कोंबला," ती म्हणाली, "अन् त्याच कापसापायी मले घराबाहेर काढून राह्यले व्हते!"

"मले काय माहीत?" बाबा म्हणाले. "आधी तं चालत होती."

शेतातल्या एका बाईने ओरडून विचारलं, "काय झालं व बाई?" आई ओरडली, "काही नाही! आमच्या साहेबानं गाडीच्या नाकात बोळा घातला व्हता!" पलीकडे तीन-चार बायांचं हसणं उसळलं. बाबा मुकाट्याने डिक्की लावून पुढे येऊन बसले.

जुन्या इंजिनाला तो कापूस कसा चालला, हे दोन दिवसांनी मिस्त्रीने समजावलं. जुनं इंजिन थोडं-थोडं प्यायचं, झाकणही ढिलं होतं, हवा कुठून ना कुठून जायची. मोठं इंजिन भराभर पिऊ लागलं, झाकणाला त्यानेच घट्ट रबर लावलं, आणि पंप चांगला असल्यामुळे हवा नसली तरी ओढत राहिला. "पंप बिचारा इमानदार," तो म्हणाला, "टाकी चेपेस्तोवर काम केलं त्यानं. मी टाकी धुतली, पण त्या नळीत एक फुंकर नाही मारली. चूक माही बी हाये." त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं बाबा गॅरेजमध्ये शिरले की तो विचारायचा, "साहेब, ऐकू येते ना? कापूस तं नाही कुठं?" मला मात्र तो काही चिडवायचा नाही. गाडी उघडी असली की एक टायर माझ्यासमोर सरकवायचा आणि म्हणायचा, "बस. काही आवाज आला तं सांग."

पण हे नंतरचं. त्या रविवारी आम्ही न थांबता आईच्या शाळेपर्यंत गेलो. मुख्याध्यापक शाळेमागच्या आपल्या खोलीतून बनियनवर बाहेर आले, घाईघाईने शर्ट घालून रिकाम्या खोलीची किल्ली घेऊन परत आले. पेटी गाडीतच होती. बाबा ती उतरवायला वाकले.

"राहू द्या," आई म्हणाली.

"आजचा एक दिवस चालली ती," बाबा हळूच म्हणाले. "भरोसा नाही. पेटी इथं असू दे."

"पेटी इथं राह्यली तं मी पण राहीन," आई म्हणाली. मग मुख्याध्यापकांकडे वळून तिने तिचा वर्गातला आवाज काढला. "सर, उद्या प्रार्थनेआधी येते."

"अन् नाही आल्या तं, मॅडम?"

"तं परवा पेटी घेऊन येते. किल्ली तोवर तुमच्यापाशी राहू द्या."

परतीच्या वाटेवर पेट्रोलचा वास गाडीभर होता. चारही काचा खाली. आईने पदर नाकाला लावला होता आणि दर दोन किलोमीटरला बाबा विचारत होते, "थांबू का?" आणि ती मानेनेच नाही म्हणत होती. गाडी कुठेही थांबली नाही.

सोमवारी माझी शाळाही सुरू झाली. दिवसभर काय शिकवलं ते मला आठवत नाही. साडेपाचला दप्तर घरी टाकून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी जाऊन उभी राहिले. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय पाहिजे. मी दोनदा खोडरबर घेतलं. सहा वाजले, सव्वासहा झाले. मग वळणावर ते गोल दिवे दिसले.

गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं नाही, बहुतेक धीर झाला नसावा. आईने दार उघडलं. चेहरा पार उतरलेला, ओठ पांढरे पडलेले, पदराचं टोक ओलं. ती दाराला धरून उतरली, एक मोठा श्वास घेतला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दहा वाजून पाच मिनिटं," ती म्हणाली. "हेडमास्तर अजून दाढी करून राह्यले होते."